पाहून झालेलं शहर

थोंगदी राक्षसाच्या पायाशी वाकला आणि त्याची नखं शोधू लागला.

बँकॉकच्या राजवाड्यातल्या देवळाच्या दाराशी गदा रोवून उभा असलेला तो हिरवा राक्षस तीन पुरुष उंच असेल-नसेल. थोंगदीच्या बायकोने, लामदुआनने, सांगितलेला राक्षस ताडाच्या वर जायचा आणि त्याच्या अंगठ्याचं नख सुपाएवढं होतं. चाळीस वर्षं थोंगदीने ते नख ऐकलं होतं.

"काका, काय हरवलं?" पहारेकऱ्याने विचारलं.

"नखं बघतोय."

"तो बूट घालतो की!" पहारेकरी हसला. "बोलण्यावरून इसानच्या खेड्यातले दिसता. नखं कापायला एवढ्या लांबून आलात?"

थोंगदीलाही हसू आलं. खरंच, टोकं वर वळलेले रंगीत बूट होते. "अगं, बूट बघ," म्हणत त्याने शेजारी कोपर ढोसलं, ते एका चिनी पाहुणीच्या छत्रीला लागलं. त्याने हात जोडून माफी मागितली. लामदुआनला जाऊन अकरा महिने झाले होते, पण कोपराला ते अजून कळलं नव्हतं.

लग्नाआधी ती तीन वर्षं बँकॉकला शिवणकामाला होती. गावात परतली ती तोंडात सगळं शहर घेऊनच. भात कापून झालं की दरवर्षी म्हणायची, "एकदा जाऊन येऊ या का दोघं?" थोंगदी म्हणायचा, "तू तर सगळं पाहिलंयस. मला इथेच सांग." मग ती अंगणात चटईवर बसून सांगायची, आणि शेजारपाजारची माणसंसुद्धा ऐकायला येऊन बसायची. या वर्षी भात कापून झालं तेव्हा कोणीच काही म्हणालं नाही. म्हणून तो निघून आला. गावचे एक भिक्खू इथल्या विहारात होते, त्यांनी पथारीपुरती जागा दिली.

दुसऱ्या दिवशी तो निजलेला बुद्ध पाहायला गेला. लामदुआन म्हणायची, त्याचे डोळे मिटलेले आहेत, तिथे मोठ्याने बोललेलं चालत नाही. डोळे चांगले उघडे होते. थोंगदी डोक्यापासून पायापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा पाहिलं. उघडेच. एका जोडप्याने त्याच्या हातात फोन देऊन फोटो काढायला सांगितला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. त्याने सगळ्यांचे काढले. दुपारी नूडल्सच्या गाडीवर त्याच्या टेबलाशी तीन अनोळखी माणसं आली, जेवली, उठली. वाडगा रिकामा झाला तरी तो बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याने प्रयोंगला शोधून काढलं. लामदुआनबरोबर शिवणकामाला होती ती. दर नववर्षाला तिचं एक कार्ड यायचं, त्यावर पत्ता असायचा. साम्पेंगच्या कापडगल्लीच्या तोंडाशी, फुटपाथवर छत्रीखाली ती मशीन मांडून बसली होती आणि एका पँटीची दुमड उसवत होती. थोंगदीने आपलं नाव सांगितलं, मग बायकोचं. प्रयोंगने चष्म्यावरून पाहिलं.

"भावजी तुम्ही? आणि ती कुठाय? गर्दीत सोडून आलात की काय?"

त्याने सांगितलं. प्रयोंगचा हात पँटीवर तसाच राहिला. मग तिने पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तीही मूळची इसानचीच; आता गावाकडच्या बोलीत बोलू लागली होती.

"कधी?"

"गेल्या थंडीत. फार दुखलं नाही."

त्याने पिशवीतून घरच्या तांदळाची पुरचुंडी काढून मशीनवर ठेवली. "तिने सांगितलेलं सगळं बघतोय. उद्या नदीपलीकडचं देऊळ. तुम्ही दोघी सुट्टीला भटकायचात ना."

"भटकायचो?" प्रयोंग हसली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली. "भावजी, सकाळी सहाला मशीनवर बसायचो. दाराला बाहेरून कडी. महिन्यातून एक अर्धी सुट्टी, ती कपडे धुण्यात जायची. लामदुआन तर नुसती झोपून काढायची. कारखाना ह्याच गल्लीत, त्या निळ्या पाटीच्या माडीवर."

थोंगदीने पाटीकडे पाहिलं. तिथे आता प्लास्टिकची फुलं विकत होते.

"पण राक्षस... बुद्ध..."

"मालकिणीची धाकटी होती, सहा-सात वर्षांची. रविवारी बापाच्या खांद्यावर बसून फिरून यायची आणि आमच्या मशीनखाली बसून सांगायची. केवढं काय काय सांगायची! लामदुआनची सुई थांबायची, मग शिव्या खायची." प्रयोंगने एक धागा ओढून काढला. "गावात जाऊन माणूस काय सांगणार? तीन वर्षं कॉलरी शिवल्या म्हणून?"

थोंगदीने पुरचुंडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"मी तिला म्हणायचो, तू तर सगळं पाहिलंयस."

"मग ती काय म्हणायची?"

"काही नाही. सांगायला बसायची."

रस्त्यावरून हातगाड्या जात राहिल्या. एक बाई ब्लाउज घेऊन आली, माप देऊन गेली. प्रयोंगने ते वहीत लिहिलं नाही.

"तुम्ही तरी नंतर पाहिलं असेल," थोंगदी म्हणाला.

"मी? पंचेचाळीस वर्षं झाली इथे. बोटीचा धक्का हाकेवर आहे. नवरा निघून गेला, लेक कोरियात. एकटीने देऊळ बघायला जायचं, ते कसं वाटतं?"

कसं वाटतं ते थोंगदीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोंगने मशीनवरचं कापड काढायच्या आत तो येऊन उभा राहिला.

"चला."

"अहो, गिऱ्हाइकं?"

"पँटी काय पळून जातात?"

ती कुरकुरली, शेजारच्या बटणवाल्याला मशीनवर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि पर्समधून लिपस्टिक काढून चाचपडत लावली. बोटीत दोघं कठड्याला धरून उभी राहिली. नदीवर ऊन पसरलं होतं. पलीकडचं देऊळ जवळ येत गेलं तशी प्रयोंगची मान मागे जात राहिली.

पायऱ्या उभ्या होत्या. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे दोघंही पहिल्या पायरीवरच बसली. मनोऱ्यावर खालपासून वरपर्यंत चिनी बश्यांचे तुकडे जडवले होते. प्रयोंगने एका फुलाच्या पाकळीवर बोट फिरवलं. शिवण तपासावी तसं.

"बश्याच आहेत हो," ती पुटपुटली. मग म्हणाली, "ह्याचं काय सांगायची ती?"

थोंगदीने सदऱ्याचं बटण लावलं. चाळीस वर्षं सांगायचं काम लामदुआनचं होतं, त्याचं फक्त ऐकायचं. त्याने घसा साफ केला.

"म्हणायची, आम्ही दोघी गेलो होतो. प्रयोंग आणि मी. प्रयोंग भराभरा पुढे चढली, मी मागे धापा टाकत. ती वरून हाका मारत होती, चल गं, चल."

प्रयोंगने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग तिने चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पायरीवर पाय लांब केले.

"मग?" ती म्हणाली. "वरून काय दिसलं आम्हाला?"

थोंगदीने मनोऱ्याच्या टोकाकडे पाहिलं, आणि सांगू लागला.