दारी आलेल्याला पाणी

कार्तिकातले ऊन त्या गावात फार वेळ थांबत नाही. मेपलच्या झाडांना जेमतेम स्पर्श करते आणि त्या स्पर्शानेच जणू झाडे पेटतात. तांबडी, केशरी, हळदुली. मग वारा एक श्वास सोडतो, पाने सुटतात, गिरकतात, ओल्या रस्त्यावर निमूट येऊन पडतात.

सातासमुद्रांपलीकडचे गाव. शांत नदीचे, उतरत्या छपरांचे, लवकर अंधारणाऱ्या दुपारींचे गाव.

तिथल्या चर्चच्या तळघरात दर रविवारी सकाळी मराठी शाळा भरे आणि दुपारी दुसरी एक बैठक. ज्यांच्या घरातले माणूस परदेशी म्हणून, राहण्याच्या परवानगीचे कागद संपले म्हणून, सरकारी गाडीत बसवून नेले गेले, अशा घरांची ती बैठक. देश निराळे, भाषा निराळ्या. पापण्यांवरचे ओझे एकच. नीलांबरी नावाची तरुण समुपदेशक ती बैठक घेई. ती फार बोलत नसे. ती ऐके.

सकाळच्या शाळेत शिकवीत इंदुमतीबाई. चिपळूणच्या शाळेत आयुष्य वेचून, केस चांदीचे करून, मुलाच्या घरी इथे येऊन राहिलेल्या. दुपारी त्या घरी जात. आज मात्र गेल्या नाहीत.

आज पियानोच्या मागे, भिंत आणि लाकूड यांच्यामधल्या चिंचोळ्या सावलीत, शाल्मली बसली होती. आठ वर्षांची, गुडघ्यांत हनुवटी खुपसलेली. आणि बाईंना ठाऊक होते की त्या सावलीत ती कशामुळे गेली.

उन्हाळ्यातली ती सकाळ बाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पाहुण्याचा धडा. दोन खुर्च्यांचे दार, दारापलीकडे पाहुणा झालेला निहार, दाराअलीकडे यजमान झालेली शाल्मली.

"मी जेवल्याशिवाय जाणार नाही! आणि पोळी नको, पिझ्झा पाहिजे!"

"पिझ्झा संपला. पाणी प्या आणि निघा!"

वर्ग हसून लोळला होता. बाईही हसल्या होत्या आणि मग, हसू ओठांवर असतानाच, म्हणाल्या होत्या, "तसं नाही गं. दार उघडायचं. 'या, बसा' म्हणायचं. आधी पाणी द्यायचं. कोण, कुठले, कशाला आले, ते सगळं मागाहून विचारायचं."

मागाहून. मागाहून. तो शब्द आता बाईंच्या छातीत काट्यासारखा रुतला होता; श्वास घेतला की सलत होता.

कारण एका धुकट पहाटे शाल्मलीच्या दारावर थाप पडली. तिचे बाबा, विश्राम, हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला जायला बूट चढवत होते. आई, हर्षदा, न्हाणीघरात होती. दार उघडायचे नाही, हे त्या घरात दोघांना पक्के ठाऊक होते. दार उघडले नाही तर न्यायला आलेल्या सरकारी माणसांना सहसा आत येता येत नाही, हेही ठाऊक होते. एकट्या शाल्मलीला ठाऊक नव्हते. तिच्या बालपणावर भीतीची सावली पडू नये म्हणून तिला कुणी सांगितलेच नव्हते.

बाबांनी मान वर करेपर्यंत तिने दार उघडले. हसली. "या, बसा," म्हणाली. काळ्या जाकिटांची माणसे बसली नाहीत. ती आत धावली, ट्रेमध्ये पेले मांडले, काठोकाठ भरले, जपून जपून बाहेर आणले. तोवर बाबांचे हात पाठीमागे बांधले गेले होते.

त्या दिवसापासून ती दाराकडे पाहत नव्हती. बंदीगृहातून बाबांचा फोन आला की पळत होती. कपाटात, पलंगाखाली, आज पियानोच्या मागे. आणि आजचा फोन शेवटचा होता. उद्या विश्रामला विमानात बसवून परत पाठवणार होते. मग भेट केव्हा, कुठे, कुणालाच सांगता येत नव्हते.

"मी समजावते तिला," बाई म्हणाल्या.

"समजावू नका, बाई," नीलांबरी हळूच म्हणाली. "तिला सगळ्यांनी समजावलंय. नुसत्या बसा."

नुसते बसायचे! जिने जन्मभर समजावले, तिला हाच धडा सगळ्यांत अवघड. पण बाई बसल्या. दुखरे गुडघे मोडून, साडी सावरून, त्या चिंचोळ्या सावलीच्या कडेला बसल्या. वरच्या इवल्या खिडकीतून पिवळा उजेड झिरपत होता. त्यात धूळ तरंगत होती, सोन्यासारखी, निरुद्देश. कितीतरी वेळ दोघींमध्ये तेवढीच हालचाल होती.

मग बाईंचे ओठ, त्यांना न विचारता, हलले.

"ते दार मी उघडलं, शालू."

"तुम्ही कुठे होतात? मीच उघडलं."

"हात तुझा होता. शिकवणं माझं होतं. कोण आलंय ते मागाहून विचारायचं, असं मीच सांगितलं होतं."

शाल्मलीने मान वर केली. मुले न्यायाधीशासारखी पाहतात, तसे तिने बाईंकडे पाहिले. सुरकुत्यांकडे, ओल्या डोळ्यांकडे.

"पण ते येणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं गं."

"मग तुमची चूक कशी?"

तो प्रश्न उजेडात तरंगत राहिला. बाईंपाशी उत्तर होते, अगदी जिभेवर होते. पण मूल स्वतःच्या पायांनी उत्तराकडे निघालेले असते तेव्हा त्याचे बोट धरायचे नसते, हे त्या जाणत होत्या.

पियानोच्या पलीकडून हुंदका आला. हर्षदा तिथे उभी होती, केव्हापासून कोण जाणे.

"मला माहीत होतं, शालू. मी तुला सांगितलं नाही. तू घाबरशील म्हणून... चूक माझी आहे बाळा."

"आई, तू पण?" शाल्मली चकित झाली. मग किंचित चिडून म्हणाली, "सगळ्यांनी मिळून उघडलं की काय दार?"

आणि त्या तळघरात, त्या अपराधांच्या दाटीत, तिघीही हसल्या. ओले, अर्धे, लाजलेले हसू. अपराध विरला नाही. तिघींत वाटला गेला, इतकेच.

तेव्हाच हर्षदाच्या हातातला फोन वाजला.

शाल्मली उठली नाही. पळालीही नाही. तिने हात पुढे केला. फोन कानाशी धरला आणि दूरच्या, खिडकी नसलेल्या खोलीतला श्वास ऐकत राहिली.

"शालू?"

"बाबा..." आवाज सुतासारखा बारीक. "मी त्यांना पाणी दिलं."

मग बाबांचा स्वर आला, दमलेला, मऊ.

"पाहिलं गं मी. एवढा भरलेला ट्रे, आणि एक थेंब सांडला नाहीस."

तेव्हा न सांडलेले सगळे आता सांडू लागले. गालांवरून, हनुवटीवरून, फोन धरलेल्या मनगटावरून, संथ, अखंड. आणि कुणीही ते पुसले नाही.