कोनाड्यातला काळा दगड

धम्मदीपने मास्क बांधला, रबरी हातमोजे चढवले आणि कोनाड्यातल्या काळ्या दगडाकडे हात नेला.

"आपल्या घरात सोवळं कवापासनं आलं रं?" आई हसली.

"घोळ झालाय, आई. आता चुकून चालणार नाही."

दगड पणजोबांच्या भातखाचरात आभाळातून पडलेला. या घरात त्याला शेंदूर कधी लागला नाही, पण फेकलाही नाही कुणी. मागच्या खेपेला धम्मदीपने त्याचा तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत नेला. माणूस कितीदा तरी मरेल एवढा किरणोत्सर्ग त्याच्या गाभ्यावर सोडला. तरीही काचेच्या बशीत लाल ठिपके उगवले. जिवंत! पृथ्वीबाहेरचे जीव, या कल्पनेनेच त्याची झोप उडाली.

मग पडताळा म्हणून त्याने स्वतःच्या तोंडातली लाळ तशाच किरणांखाली ठेवली. तिच्यातही तेच लाल ठिपके उगवले. म्हणजे त्याचीच थुंकी दगडात गेली, असं प्रयोगशाळेत सगळे म्हणाले आणि त्यालाही ते पटलं. सरांनी बजावलं होतं, स्वच्छ तुकडा आण, नाहीतर हा विषय सोड.

"जरा दम धर. पोरीची गुटी व्हऊ दे, मग ने." आईने दगड उचलून मांडीशी घेतला. रश्मीवहिनी तान्ह्या लेकीला घेऊन आली. धम्मदीपनंतर घरातलं हे पहिलंच बाळ. वाटीतलं दूध दगडावर पडलं, त्यावर वेखंड गरगर फिरू लागलं. दगडाला मधोमध गुळगुळीत खळगा पडला होता. तो त्याने आजवर नीट पाहिलाच नव्हता.

"यावर उगाळतेस?"

"मग कशावर? तुज्या आजीनं बी ह्याच्यावरच उगाळलं, तिच्या सासूनं बी. दगूड झिजतो, पोरं बाळसं धरत्यात. तू तर लई चाटायचास. बोट सोडायचा न्हाईस."

दगडात धम्मदीपचं काहीच गेलं नव्हतं; दगडातलंच त्याच्यात आलं होतं.

"आई, थांब," तो म्हणाला. पण आईचं राखाडी बोट बाळाच्या तोंडात गेलंही होतं. रडं थांबलं. बाळ मिटल्या डोळ्यांनी चोखत राहिलं.

"घे आता तुजा दगूड," आई म्हणाली. "आन् तोंड कशापायी झाकलंयस अजून?"

मास्कच्या आत त्याची जीभ दातांवरून हळूच फिरली. ती त्याला दुसऱ्या कुणाची तरी वाटली.