गेम मशीनच्या डाव्या कुशीवरची जाळी

मित्रांनो, ऑकलंडच्या ओटारा भागात तळलेले मासे आणि बटाट्याचे काप विकणारे एक दुकान होते. त्याच्या दाराशी उभे असलेले जुने व्हिडिओ गेमचे मशीन म्हणजे मी. कारखान्यातून येताना माझ्या अंगावर अग्निबाण आणि चांदण्या रंगवलेल्या होत्या. शाळा सुटली की सामोअन, टोंगन मुलांची माझ्याभोवती झुंबड उडायची. त्यांच्या तेलकट बोटांनी माझी बटणे चिकट व्हायची, तरी मला बरे वाटायचे.

पुढे मुलांच्या हाती मोबाइल आले. मालक वीलिआमूंनी दुकान बंद केले आणि मला घरच्या गॅरेजमध्ये ढकलले. माझ्या डोक्यावर अळकुड्यांची पोती आली. अशी कितीतरी वर्षे गेली.

वीलिआमूंची मुलगी लांगी चित्रकार झाली. एक दिवस तिने माझी धूळ पुसली, अग्निबाण तसेच ठेवले आणि त्यांच्याभोवती सिआपोची नक्षी काढायला घेतली. सिआपो म्हणजे झाडाची साल कुटून केलेले कापड. तिची आजी इलिसापेता तरुणपणी सामोआत ते रंगवीत असे. हात कापू लागला तसा तिने कुंचला सोडला, शिकवणेही सोडले. लांगी बिचारी पुस्तकात बघून काढत होती.

आजी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. "लग्नात, मयतीत मानानं पसरायची नक्षी ती. या डबड्यावर काढतेस?"

"आजी, अख्खी गल्ली या डबड्यापाशी लहानाची मोठी झाली. हेही आपलंच आहे."

आजी आत येऊन नक्षीवर वाकली. मग म्हणाली, "ही माशाची जाळी होय? हिच्यातून देवमासासुद्धा निसटेल."

"मग तू दाखव की."

"हात कापतो गं, पोरी."

"मी कोपर धरते."

त्या दुपारी माझ्या डाव्या कुशीवर आजीने वीतभर जाळी काढली. रेघा थरथरल्या, पण प्रत्येक गाठ जागच्या जागी बसली. दुसऱ्या दिवशी ती न बोलावता आली आणि नीरफणसाचे पान काढून गेली.

रंगकाम संपल्यावर लांगीने मला एका चित्रप्रदर्शनात नेऊन उभे केले, तिथे माझ्यापुढे रांग लागली. आयोजक लांगीला हळूच म्हणाले, "डावी बाजू तेवढी सरळ करून घ्या ना."

"ती माझ्या गुरूची आहे," लांगी म्हणाली. "हवी तर उजवी पुसते."

आजीने ऐकून न ऐकल्यासारखे केले. पुढच्याच सोमवारी मात्र तिने शेजारच्या चार मुलींना साल कुटायला बोलावले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण घरातले म्हातारे माणूस तुमच्या कामात खोट काढू लागले, तर तोंड वाकडे करू नका. त्यांना बसायला स्टूल द्या, आणि कुंचला त्यांच्या हाती द्या.