जैनुद्दीनच्या दुकानातून चालत गेलेलं तळं

"शपथ घेतली तरी विश्वास बसायचा नाही," जैनुद्दीन स्टूल पुढे ओढत म्हणाला, "पण बाय, तुझं तळं काल दुपारी माझ्या दुकानातून चालत गेलं!"

मस्कतच्या हमरिया भागातल्या त्या फ्रेमच्या दुकानात ऐकायला दोघीच होत्या. एक नोरा. शहरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, तिथल्या मूळच्या माणसांपैकी. दुसरी शेजारची कलावती. ती कपडे अल्टर करायची, आणि जैनुद्दीनचं बोलणं नोराला इंग्रजीत सांगायची, वर स्वतःचं तिखटमीठ लावून.

मागच्या आठवड्यात नोराने गुंडाळून आणलेलं कापड याच फरशीवर पसरलं होतं. आजीने रंगवलेलं, ठिपक्याला ठिपका लागलेला. "हा आमचा मुलूख," ती म्हणाली होती, "वरून पाहिलेला. या चंद्रकोरी म्हणजे बसलेल्या बायका, ही वाट, आणि कडेचे हे एकात एक गोल म्हणजे तळं. तिथं गेलं की आधी आपलं नाव सांगायचं, मूठभर वाळू पाण्यात टाकायची. पाण्याला कळायला हवं, घरचं माणूस आलंय." आजी आता नव्हती, मुलूख समुद्रापार. रोज शाळेला निघताना नोरा त्या गोलांनाच नाव सांगत असे.

जैनुद्दीनला ते मनापासून पटलं होतं. गावाला उतरल्यावर तो स्वतः घरी जायच्या आधी खाडीवर जायचा.

पण हाताला कुठलं कळतं? वर्षानुवर्षांची सवय. कापड लाकडी चौकटीवर ताणलं, चार बोटं मागे वळवलं, खटाखट पिना मारल्या, खलास. रंगवणारे सगळे कडेला कोरं सोडतात. नोराच्या आजीने नखाएवढंही सोडलं नव्हतं. आज नोरा दारात उभी राहिली तेव्हा त्याने चित्र सुलटं केलं, आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. बायका होत्या, वाट होती. वाट कडेपर्यंत येऊन थांबली होती. तळं मागे, पिनांच्या रांगेत. उद्या सकाळी ही पोर नाव कुणाला सांगणार?

मग जीभच पुढे धावली.

"चालत गेलं? कुठे?" नोराने विचारलं.

"रुस्ताकला! तिथला गरम झरा नाही का? पाण्याला पाण्याची ओढ. मी मागोमाग टॅक्सी केली. बघतो तर काय, तुझं तळं झऱ्यात पाय सोडून बसलेलं!"

"तळ्याला पाय?" कलावती भाषांतर अर्ध्यावर टाकून म्हणाली.

"तू नुसतं सांग गो तिला! मी म्हटलं, यल्ला, घरी चल. तर म्हणतं, तू कोण? नाव सांगितल्याशिवाय हलणार नाही. मग सांगितलं, जैनुद्दीन, मुक्काम रत्नागिरी. मूठभर वाळूही टाकली. तेव्हा कुठे उठलं."

नोराचा चेहरा हलला. ती हसत होती की डोळे भरले होते, त्याला कळेना. "वाळू खरंच टाकलीत?"

"दोन मुठी!" जैनुद्दीनला जोर चढला. "आलं बिचारं, पण न सांगता गेलं म्हणून लाजलंय. आता तोंड लपवून मागे बसलंय. हे बघ."

त्याने मोठ्या ऐटीत चौकट उलटी केली. खरंच, पिनांखालून अर्धे गोल डोकावत होते. नोरा वाकली. तिने बोट अलगद त्या गोलांवर ठेवलं आणि हळूच आपलं नाव सांगितलं.

जैनुद्दीनने सुटकेचा निःश्वास सोडला. जमलं म्हणायचं!

कलावतीनेही वाकून पाहिलं. दुमड चिमटीत धरली, पिनांवरून नख फिरवलं आणि कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली.

"तळं लाजलंय म्हणे! खोटं, जैनुभाई, साफ खोटं! आजीने कडेला दुमडण्यापुरती माया ठेवलीच नव्हती, आणि तुम्ही न बघता तळं मागे दुमडून पिना मारल्यात. काढा त्या आधी! चारी बाजूंनी कोऱ्या कापडाची पट्टी जोडून देते मी, मग ताणा हवं तेवढं. आणि हे सगळं मी हिला इंग्रजीत सांगणार आहे, पायांसकट!"