पाहुणे येणार म्हणून

"आजचा दिवस तरी ती पँट उतरव," चुलता खळ्यावर येऊन म्हणाला. "दुपारी धाकटीला बघायला माणसं यायचीत."

थोरली मळणीयंत्राखाली उताणी पडून पट्टा ताणत होती. "गहू अर्धा राह्यलाय, काका. झगा घालून मशीनपाशी उभी राहू?"

"उभीच राहू नको. आत बस."

मी शेजारीण, पेंढ्या उचलायला आलेली. मला सगळं ठाऊक. बापाची कंबर धरल्यापासून यंत्र थोरलीच चालवायची. गेल्या सुगीत तिचा झगा पट्ट्यात गेला नि पोटरी सोलून निघाली. मग तिनं बापाच्या पँटा कापून आपल्या मापाच्या केल्या. आधी खळ्यापुरत्या, मग बाजारातसुद्धा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ह्यात मी माझी मला वाटते, वहिनी." गाव नावं ठेवायचं, आणि गहू मळायला तिच्याच दारात यायचं.

चुलत्याला तिनं दाद दिली नसती. पण बाप खाटेवरून म्हणाला, "धाकटीसाठी झगा घाल, पोरी." आणि ती उठली.

मागच्या खोलीत भुशाची पोती रचलेली. खिडकी हातभर, तीही वरती. तिच्यासोबत मला बसवलं आणि चुलत्यानं बाहेरून कडी घातली. उकाड्यानं जीव घाबरा झाला. ती झग्याचा घोळ मुठीत धरून बसली होती, परक्याचं सामान सांभाळावं तशी.

पाहुणे आले, बोलणी सुरू झाली. तेवढ्यात कडी वाजली. मुलाची आई हात धुवायला मागं आली होती, तिनं दार ढकललं. पोक्त, भारदस्त बाई.

"मशीन चालवणारी ती तूच ना?" तिनं विचारलं. "पँट घालतेस म्हणे."

"झगा पट्ट्यात जातो, मावशी."

बाईनं मागं वळून बघितलं, मग आपला घोळ गुडघ्यापर्यंत उचलला. घोट्यापासून वरपर्यंत कातडी चुरगळलेली, एका जागी मांसच नाही. "एकवीस वर्षं झाली," ती म्हणाली. "मला नाही सुचलं पँटचं. सुचलं असतं तरी घातली नसती." तिनं थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच. मग बाहेर गेली आणि जाताना कडी परत लावली.

भिंतीपलीकडून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "मुलगी पसंत आहे. फक्त थोरलीला लग्नात आणू नका. आमच्यात चार माणसं असतात."

"नाही आणणार," चुलता म्हणाला. बापाची खाट तेवढी करकरली.

मला थोरलीकडं बघवेना. ती म्हणाली, "बाई वाईट नाही, वहिनी. भ्यालेली आहे."

संध्याकाळी धाकटी रडत आली. "मी नाही म्हणून सांगते, ताई."

"वेडी आहेस का? मुलगा तुला आवडलाय. जा तू."

लग्नाच्या दिवशी सगळं घर गेलं. थोरली पँट चढवून खळ्यावर आली, मीही आले. उतरत्या उन्हात वरातीची गाडी खळ्याच्या कडेनं गेली. हळू झाली, थांबली नाही. काच वर केलेली होती. आतून धाकटीचा तळवा काचेला टेकलेला दिसला. शेजारी सासू सरळ समोर बघत बसली होती.

धूळ खाली बसली तशी थोरली मला म्हणाली, "पेंढी द्या, वहिनी. मशीन रिकामं फिरतंय."