नावाड्याचं आमंत्रण

माणूस माणसाशी दोन शब्द बोलतो, त्यावरच हे जग टेकलेलं आहे. हे मी नाईलकाठच्या आमच्या रशीद गावच्या घाटावर चहावाल्यासमोर जाहीर केलं, तेव्हा त्याने कानातला इअरफोन काढला आणि विचारलं, "फिक्रीकाका, काही म्हणालात का?"

आमच्याकडे नावाडी भर पात्रातून काठावरच्या माणसाला ओरडतो, "या, जेवायला या!" काठावरच्याने छातीवर हात ठेवून म्हणायचं, "देव बरकत देवो." दोघेही खूश, भाकरी शाबूत. सात वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या भावाने, वग्दीदादाने, सज्ज्यातून मला असंच बोलावलं. मला भूक लागली होती. मी वर गेलो. माणसं तीन, मासा एक. मी म्हणालो, "दादा, हा मासा आहे की माशाचा फोटो?" त्या दिवसापासून अबोला.

यंदा रमझानात माझ्या लेकीने, तहानीने, फोनमध्ये एक सोय घालून दिली. "बाबा, तुम्ही कुणालाच उत्तर देत नाही. आता हा देईल. तुमच्याच आवाजात." मी म्हटलं, देऊ दे. बोलायचा त्रास वाचला.

मग ईदला दादाने रीतीप्रमाणे अख्ख्या गोतावळ्याला संदेश धाडला, 'शुक्रवारी जेवायला या.' सगळ्यांनी 'देव बरकत देवो' कळवलं. माझ्या फोनला रीत ठाऊक नव्हती. तो हो म्हणाला.

हे मला कळलं परवाच्या शुक्रवारी, भर दुपारी. फोनवर ओळ होती : 'वग्दीदादाकडे जेवण. सहावा शुक्रवार. सुरू आहे.'

मी मिळेल ती चप्पल पायात घालून निघालो. सात वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते आज दादाला सांगून टाकायचंच होतं.

दार उघडं होतं. टेबलाशी दादा आणि इन्शिराहवहिनी. माझ्या जुन्या जागी, सुरईला टेकवलेला वहिनीचा फोन. त्याच्यापुढे ताट, ताटात चांगला वीतभर मासा. आणि माझा आवाज बोलत होता.

"दादा, मासा लहान नव्हता. माझं तोंड मोठं होतं."

हे वाक्य मी सात वर्षं गालात धरून होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. फोनलाही नाही. दादा डोळे पुसत हसत होता.

मी दारातूनच म्हणालो, "दादा, चूक माझी होती."

"ठाऊक आहे रे," दादा म्हणाला. "त्याने पहिल्याच शुक्रवारी सांगितलं."

"पण आज मी स्वतः आलोय!"

"तू येतोस तेव्हा भांडतोस. वर खातोस. हा खातही नाही."

"मग तो मासा?"

"मांजर खाते. तिने अजून माप काढलेलं नाही."

सुरईजवळचा मी बोलता बोलता थबकला. "दादा, दारात कोण आहे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. आता दादा माझं नाव घेईल, म्हणून मी एक पाऊल आत टाकलं.

"कुणी नाही," दादा म्हणाला. "तू बोल."

वहिनी भली बाई. "या ना भावोजी, दोन घास खाऊन जा," ती म्हणाली. तो सूर मी ओळखला. भर पात्रातला. माझा हात आपोआप छातीवर गेला.

"देव बरकत देवो, वहिनी."

मी वळलो. मागे माझा आवाज आईच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट सांगू लागला. ती मला ठाऊक नव्हती. दादा मात्र "हो, हो, असंच झालं होतं" म्हणत होता.

चार पायऱ्या उतरलो, तोच वहिनी धावत जिन्यापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते. मी थांबलो.

"भावोजी, खिशात चार्जर आहे का हो? तुमचं संपत आलंय."