तारखांची वही

सकाळी सातला मुलींच्या वसतिगृहात रेक्टरबाईंच्या दाराशी रांग लागे. खांद्यावर टॉवेल, हातात ब्रश, आणि पाळीची तारीख मोठ्याने सांगायची; बाई ती वहीत टिपत. शिपाई तिथेच झाडांना पाणी घालत उभा. त्या दारापुढची झाडं भलतीच हिरवी होती.

"तुझे दोन महिने कोरे?"

"आलीच नाही, बाई. खोकला आहे. संध्याकाळी ताप येतो."

"खोकल्याने पाळी थांबते होय? आम्हाला काय दूधखुळं समजलीस?"

रांगेत हशा पिकला. दुपारी बापाला फोन गेला. त्याने पोरीला घरी नेलं आणि मागच्या खोलीत कोंडलं. तोंडातून रक्त आलं तेव्हा दवाखाना आठवला. आठवड्यात पोर गेली. पोटात काहीच नव्हतं. जे होतं ते छातीत होतं.

आई एक्स-रे घेऊन विद्यापीठात आली. कुलगुरू म्हणजे टीबीवर तीस वर्षं गावोगाव काम केलेल्या नामांकित डॉक्टरीणबाई. भिंतभर सन्मानचिन्हं.

"टीबीत पाळी थांबते का हो, बाई?"

"थांबू शकते."

"मग तुमच्याच वसतिगृहात हे कुणाला ठाऊक नव्हतं? मीसुद्धा तिला विचारत बसले, कोण तो, कोण तो."

कुलगुरूंनी रेक्टरबाईंना वहीसकट बोलावलं.

"मी काय मनाने केलं? पहिलं पान बघा, मॅडम."

पहिल्या पानावर, दर नव्या वहीत चिकटवत आणलेला, बावीस वर्षांपूर्वीचा छापील आदेश होता. मुलींच्या अंगात रक्त कमी का, याची सहा महिन्यांची पाहणी. 'पाळी चुकल्यास ताबडतोब तपासणीस पाठवावे.' खाली सही आजच्या कुलगुरूंचीच. पाहणी संपली, शोधनिबंध गाजला, बाई प्राध्यापक झाल्या. वही बंद करा, एवढं सांगायचं मात्र राहिलं.

"तपासणीस पाठवावे, असं लिहिलंय ना?"

"डॉक्टर कुठे होता, मॅडम? आम्ही बापांना कळवत गेलो."

शेजारी बसलेले कुलसचिव हळूच म्हणाले, "चौकशी लावू. रेक्टरबाईंची बदली करू. मिटेल."

"चौकशीत पहिलं नाव माझं घाला. आणि आजपासून कुठल्याही मुलीला तारीख विचारायची नाही."

आई म्हणाली, "एवढं लिहून द्या, माझी पोर चांगली होती."

"ती आजारी होती, असं लिहीन. चांगली की वाईट हे ठरवणारे आम्ही कोण?"

कोऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'टीबी. आमच्याकडून उपचार नाही.' खाली सही केली.

आईने ती ओळ वाचली. "बावीस वर्षांनी," एवढंच म्हणाली, आणि एक्स-रे टेबलावर ठेवून निघून गेली.

बाई सुधारल्या म्हणून टाळ्या पिटू नका. तुमची लेक जिथे राहते तिथे सकाळी सातला कसली रांग लागते, ते आधी विचारून या.